लिग्नोकेनची बाटली, डॉ. बडवे आणि आमची आक्का

सातरस्ता मेडिकल (धागा सुरू केला, सोमवार रात्री)

मंडळी, आज जरा मोठं लिहितोय. घरात, नात्यात, गल्लीत कुणाला स्तनाचा कॅन्सर निघालाय आणि ऑपरेशन व्हायचंय, असं असेल तर शेवटपर्यंत वाचा.

माझं औषधाचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. लिग्नोकेन तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी अंगावर घेतलेलं आहे, नाव माहीत नसेल एवढंच. दाढ काढताना हिरडीत सुई टोचतात, जखमेला टाके घालताना कडेकडेने इंजेक्शन देतात, ते हेच. माझ्याकडे खालच्या फळीवर त्याच्या बाटल्या असतात. दातांच्या डॉक्टरांची पोरं येऊन घेऊन जातात. दोघांच्या नाष्ट्याला जेवढे लागतात तेवढेसुद्धा पैसे पडत नाहीत.

या बाटलीचा कॅन्सरशी काही संबंध असेल असं गेल्या दिवाळीपर्यंत माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

आमची थोरली आक्का विडी घरकुलात, म्हणजे सोलापूरच्या विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, वय ५२. वयाच्या बाराव्या वर्षापासून विड्या वळते. मांडीवर सूप घेऊन वाकली की सुपाची कड डाव्या छातीला टेकायची आणि तिथे काहीतरी टणक लागायचं. सात महिने तिने कुणाला सांगितलं नाही. सूप जरा उजवीकडे सरकवून घ्यायची, झालं. मग एका ठिकाणी दाखवलं तर दुधाची गाठ म्हणून मलम आणि गोळ्या लिहून दिल्या. पाळी जाऊन चार वर्षं झालेल्या बाईला दुधाची गाठ! ती चिठ्ठी माझ्याच दुकानात आली, औषधं मीच काढून दिली आणि मलाही शंका आली नाही. हे मला अजून सलतं.

पुढे मॅमोग्राफी झाली, सुईने तुकडा काढला आणि रिपोर्ट आला. गाठ अडीच सेंटीमीटरची, बाकी अंगात कुठे काही नाही, आधी ऑपरेशन करू, असं ठरलं. मध्ये नऊ दिवस होते. रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसायचो, त्यात डॉ. राजेंद्र बडव्यांचं काम हाती लागलं. (आईने आडनाव ऐकून लगेच विचारलं, पंढरपूरचे का? म्हटलं आई, परळचे, टाटा हॉस्पिटलचे.) टाटा मेमोरियल सेंटरचे ते बरीच वर्षं संचालक होते, २०२३ च्या अखेरीस त्या पदावरून उतरले. २०१३ साली पद्मश्री मिळाली. मला महत्त्वाचा वाटला तो त्यांचा प्रश्न. तीस वर्षं एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवलाय त्यांनी: ऑपरेशनच्या आसपासच्या त्या थोड्या तासांत किंवा दिवसांत असं काय होतं, ज्याने बाईचं पुढचं आयुष्य बदलतं?

१९९१ साली ते लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये काम करत होते. तिथल्या पाळी चालू असलेल्या २४९ बायकांच्या नोंदी काढून त्यांनी बघितलं की ऑपरेशन पाळीच्या कितव्या दिवशी झालं होतं. पाळी आल्यापासून ३ ते १२ या दिवसांत ज्यांचं ऑपरेशन झालं, त्यांच्यातल्या शंभरातल्या ५४ जणी दहा वर्षांनी हयात होत्या. बाकीच्यांतल्या ८४. हे 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं आणि जगभर वाद झाला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत तसं दिसलं नाही. पण बडव्यांनी विषय सोडला नाही. पाळीच्या उत्तरार्धात अंगात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, तर ते बाहेरून देऊन बघू म्हणून मुंबईत हजार बायकांवर ट्रायल केली. ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी एकच इंजेक्शन. २०११ मध्ये निकाल आला. सगळ्या मिळून बघितलं तर ठाम फरक नाही. काखेतल्या गाठींपर्यंत (म्हणजे तिथल्या लसिकाग्रंथींपर्यंत) आजार पोचलेल्या बायकांत मात्र पाच वर्षांनी आजार न उलटलेल्या शंभरात ६५, इंजेक्शन न दिलेल्यांत ५५.

आता लिग्नोकेन. इंग्रजी लेखात लिडोकेन म्हणतात, औषध तेच. २०११ पासून देशातल्या ११ कॅन्सर केंद्रांत १६०० बायका घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीसारखं ऑपरेशन. दुसऱ्या गटाला पूर्ण भूल दिल्यावर, चाकू लावायच्या आधी, गाठीच्या सभोवार म्हणजे वर, खाली आणि चारी बाजूंनी ०.५ टक्के लिडोकेन टोचलं. ७ ते १० मिनिटं थांबले. मग ऑपरेशन. पुढची किमो, लाईट (रेडिएशन), हार्मोनच्या गोळ्या दोन्ही गटांना सारख्याच.

पाच वर्षांनी शंभरातल्या किती जणींचा आजार उलटला नव्हता? साध्या गटात ८२.६, इंजेक्शनवाल्या गटात ८६.६. हयात किती? साध्या गटात ८६.४, इंजेक्शनवाल्या गटात ९०.१. सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत बडव्यांनी हे मांडलं, २०२३ मध्ये छापून आलं.

शंभरात चार बायका. मी हा आकडा वहीत लिहिला आणि बराच वेळ बघत बसलो. शंभरात तीन-चारचा फरक पाडणारी औषधं माझ्या फ्रीजमध्ये असतात, एकेका डोसला हजारो रुपये लागतात, बायका मंगळसूत्र मोडून नेतात. आणि हे खालच्या फळीवर पडून आहे. याचा प्रचार करायला कुठल्या कंपनीचा माणूस बॅग घेऊन येणार नाही, कारण यात कुणाला काही सुटत नाही. म्हणून आपणच एकमेकांना सांगायचं.

मी तो लेख छापून काढला आणि आक्काच्या सर्जनकडे गेलो. मनात भीती होती की दुकानदार आम्हाला शिकवतो का म्हणतील. त्यांनी कागद ठेवून घेतला. रात्री सव्वादहाला स्वतःहून फोन केला, "वाचलं मी सगळं. भूलतज्ज्ञांशी बोललोय. करू या." एवढंच बोलले. मी दुकानाच्या पायरीवर बसून रडलो.

ऑपरेशनला आज बावीस दिवस झाले. काखेतल्या १४ गाठींपैकी दोनमध्ये आजार निघाला. किमो पुढच्या आठवड्यात. इंजेक्शनचा आक्काला फायदा झाला की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही, कधीच नाही. पण विचारायचं राहिलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

---

जुळे सोलापूरची प्रज्ञा

दादा, वाचताना हात थरथरत होते. माझ्या आईला चार किमो झाल्यात, गाठ लहान झाल्यावर ऑपरेशन करू म्हणालेत. तिला पण हे इंजेक्शन देता येईल का?

---

सातरस्ता मेडिकल

प्रज्ञाताई, खरं ते सांगतो. त्या ट्रायलमध्ये फक्त आधी ऑपरेशन झालेल्या बायका होत्या, किमो आधी घेतलेल्या नव्हत्या. त्यामुळे ते आकडे आईला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तुमच्या सर्जनना जरूर विचारा, पण ते नको म्हणाले तर काही हुकलं असं मनात घेऊ नका. गाठ मोठी असताना किमो आधी देणं हा बरोबरचाच रस्ता आहे. आईंना नमस्कार सांगा.

---

विनायक, अक्कलकोट रोड

म्हणजे किमोची गरजच नाही असं म्हणायचंय का? आमच्या काकूला किमो सहनच होत नाहीये. हे एक इंजेक्शन घेऊन भागत असेल तर बरंच होईल.

---

सातरस्ता मेडिकल

नाही नाही नाही. विनायक, हात जोडतो, असं काही करू नका. हे इंजेक्शन किमोच्या बदल्यात नाही, ऑपरेशनच्या जोडीला आहे. ट्रायलमधल्या बायकांना लागेल तशी किमो, लाईट, गोळ्या सगळं मिळालं, मगच ते ९० टक्के आले. शिवाय काकूंचं ऑपरेशन होऊन गेलंय ना? मग याचा विषयच संपला. किमो सोसवत नाही तर उलटीचं औषध बदलून मिळतं, डोसचं अंतर बघता येतं. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. काकूंना एकदा दुकानावर घेऊन या, चिठ्ठ्या बघतो.

---

भूलवाली डॉक्टर, पंढरपूर

मी भूलतज्ज्ञ आहे. धागा चांगला आहे, म्हणून चार गोष्टींची भर घालते.

हे का होत असावं याचं उत्तर पेशीच्या अंगावरच्या सोडियमच्या दारांत आहे. लिग्नोकेन मज्जातंतूवरची ही दारं बंद करतं, म्हणून वेदना पुढे जात नाही. अशीच दारं कॅन्सरच्या पेशींवरही असतात आणि पेशीला जागचं हलायला, आजूबाजूला शिरायला त्यांची मदत होते. ऑपरेशनमध्ये गाठ हाताळली जाते, ओढली जाते, तेव्हा पेशी सटकण्याची शक्यता असते. नेमक्या त्या वेळी दारं बंद ठेवावीत, ही कल्पना.

आता दुसरी बाजू. ही एकच ट्रायल आहे. दुसऱ्या गटाला साध्या सलाईनचं इंजेक्शनही दिलं नव्हतं, नुसतं ऑपरेशन केलं. त्यामुळे फरक औषधाचा की गाठीभोवती पाणी भरल्याचा, हा प्रश्न जगातल्या तज्ज्ञांनी विचारला आणि तो रास्त आहे. माझं स्वतःचं मत असं की मृत्यूची नोंद कुणाच्या समजुतीने बदलत नाही, आणि त्या ट्रायलमध्ये लिडोकेनमुळे कुणाला अपाय झाला नाही. खर्च नाही, धोका नगण्य, फायद्याची शक्यता खरी. मी माझ्या टेबलावर हो म्हणते.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. बाटली घरून नेऊ नका. थिएटरमध्ये ती असतेच. बाजारात २ टक्क्यांचं मिळतं, ते पातळ करावं लागतं. किती द्यायचं ते वजनावर ठरतं. चुकून जास्त रक्तात गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अॅड्रेनॅलीन मिसळलेलंही येतं, ते वेगळं. तुम्ही फक्त विचारायचं, "गाठीभोवती लिग्नोकेन देणार का?" बाकी आमच्यावर सोपवा. सुन्न करायच्या इंजेक्शनने पूर्वी कधी त्रास झाला असेल तर तेवढं आठवणीने सांगा.

---

बार्शीचा अमोल

इथे सगळे आपल्या सोलापूर जिल्ह्यातलेच लिहितायत, तर बार्शीचं नाव घ्यायलाच पाहिजे. आमच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलातून १९८७ पासून बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावोगावच्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते. खेड्यापाड्यांतली अशी देशातली ती पहिली नोंदणी. कार्यकर्ते दारोदार जाऊन विचारायचे. माझे आजोबा सांगायचे, सुरुवातीला लोक हाकलून द्यायचे, घरात कॅन्सर आहे असं वहीत लिहिलं तर पोरींची लग्नं होणार नाहीत म्हणून.

त्याच लोकांनी पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. आयुष्यात एकदा एचपीव्हीची (ज्या विषाणूने हा कॅन्सर होतो त्याची) तपासणी केली तरी त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे २००९ साली जगाला दाखवलं. आपल्या ज्वारीच्या रानात राबणाऱ्या बायकांनी हे जगाला दिलंय. बडव्यांचं लिडोकेन असो नाहीतर हे, आपल्याला परवडेल असं काय आहे ते आपल्याच लोकांनी शोधायला पाहिजे, दुसरं कोण शोधणार?

---

लक्ष्मी, अशोक चौक

मी पहिल्यांदाच लिहितेय. मराठीत चुका झाल्या तर सांभाळून घ्या, घरी आम्ही तेलुगू बोलतो.

माझी चिन्नम्मा, म्हणजे आईची धाकटी बहीण, पण विड्याच वळायची. तिला कळलं तेव्हा आजार मणक्यात गेला होता. औषध सुरू केल्यावर गाठ बरीच बसली. मग घरातले सगळे डॉक्टरांच्या मागे लागले, छाती काढून टाका, मूळच काढा, मुळावर घाव घातला की फांद्या वाळतील. डॉक्टर नको म्हणाले. तर आमच्या घरच्यांनी त्यांना नाही नाही ते बोलून घेतलं. पैसे नाहीत म्हणून करत नाहीत, गरिबाची बाई आहे म्हणून करत नाहीत. मी पण बोलले. मी तेव्हा बारावीला होते.

आता मी नर्सिंग केलंय आणि शिकताना डॉ. बडव्यांचीच दुसरी ट्रायल वाचली. आधीच आजार पसरलेल्या ३५० बायका, २००५ ते २०१३. किमोने ज्यांना गुण आला त्यांच्यातल्या निम्म्यांची छाती आणि काखेतल्या गाठी काढल्या, लाईट दिली. निम्म्यांची नाही काढली. काढलेल्यांचं आयुष्य मधल्या अंदाजाने (निम्म्या त्याहून जास्त जगल्या, निम्म्या कमी) १९.२ महिने. न काढलेल्यांचं २०.५. म्हणजे काढून आयुष्य वाढलं नाही. २०१५ ला छापून आलं.

ते वाचून मी हॉस्टेलच्या जिन्यात बसले आणि चिन्नम्माला आठवलं. शेवटच्या वर्षात ती गड्ड्याच्या जत्रेला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला चालत आली होती. नंदीध्वज बघितले, भाग्यश्रीसाठी, म्हणजे तिच्या नातीसाठी, बांगड्या घेतल्या. ऑपरेशन केलं असतं तर तो महिना टाके आणि नळ्या सांभाळण्यात गेला असता. डॉक्टरांनी तिला तो महिना दिला, आणि आम्ही त्यांना शिव्या दिल्या. त्यांची बदली झाली, माफी मागायची राहून गेली.

गाठीत फोड होऊन वाहत असेल, रक्त येत असेल तर अशा वेळी पण काढावी लागते, ते वेगळं. पण नातेवाइकांच्या हट्टाने काढू नये. लिग्नोकेनने आयुष्य वाढतं हे दाखवणारा माणूस आणि इथे कापून वाढत नाही हे दाखवणारा माणूस एकच आहे. मला दुसरं काम पहिल्याइतकंच मोठं वाटतं.

---

सातरस्ता मेडिकल

लक्ष्मी, तुझं लिहिणं आक्काला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीला म्हणावं रडू नको, चिन्नम्माला कळत होतं सगळं. मराठी तुझं आमच्यापेक्षा नीट आहे.

---

प्रज्ञाची मैत्रीण

एक शंका आहे. प्रज्ञाच्या आईसारख्यांना पूर्ण छाती काढावीच लागते का? आई त्याच भीतीने रात्रभर जागते.

---

भूलवाली डॉक्टर, पंढरपूर

दर वेळी नाही. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत मिलानला उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी नुसती गाठ काढून लाईट देणं आणि पूर्ण स्तन काढणं, या दोन्हींची तुलना केली. २००२ मध्ये दोघांचेही वीस वर्षांचे निकाल आले, आयुष्यात फरक नाही. पण लाईट पूर्ण घ्यावीच लागते, काही आठवडे रोज. गावाकडून रोज येणं जमत नाही म्हणून आपल्याकडे पुष्कळ बायका पूर्ण काढायला तयार होतात, वैद्यकीय कारण नसताना. मला याचं फार वाईट वाटतं. गाठ कुठे आहे, केवढी आहे, किमोने किती बसली यावर सर्जन सांगतील. आईंनी तोंडाने विचारायला हवं, "माझा स्तन वाचेल का?" हे विचारण्यात लाज नाही.

---

लक्ष्मी, अशोक चौक

दादा, एक डोक्यात आलंय. मुंबईच्या वस्त्यांत टाटाने वीस वर्षं एक काम केलं, दीड लाखावर बायका, वय ३५ ते ६४. मॅमोग्राफी नाही, मशीन नाही. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. त्यात गाठी लवकर सापडल्या, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही. २०२१ ला निकाल आला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि डॉ. बडवे दोघेही त्यात होते.

विडी कारखान्यात आठवड्याच्या मजुरीला बायका रांगेत बसलेल्या असतात. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी तपासायला शिकलोय. तिथे पडदा लावून बसू का? कुणाला काही लागलं तर पुढे कुठे पाठवायचं ते आधी ठरवून ठेवू.

---

सातरस्ता मेडिकल

हे वाचून मी सरळ आक्काकडे गेलो. काल पहिली किमो झाली, तोंडाला चव नाही, नुसतं ताक आणि भात. भाचीने केस आधीच बारीक कापून दिलेत. म्हटलं, आक्का, लक्ष्मी असं असं म्हणतेय.

बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पोरी तपासतील, पण बायका चोळीला हात लावू देणार नाहीत. मला न्या. मी त्यांना सांगते सूप उजवीकडे सरकवत होते ते."

मी म्हटलं, किमोत गर्दीत जायचं नसतं. तर म्हणते, मास्क लावते, दारात लांब बसते, पण बोलणार मीच.

भूलवाल्या डॉक्टरांना विचारून बघतो. त्या आणि आक्काचे डॉक्टर हो म्हणाले, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी ठीक आल्या, तर दुसऱ्या किमोच्या आधीचा शनिवार धरू. कारखान्याच्या मुकादमाशी उद्या बोलतो. पडद्यासाठी दोन जुन्या चादरी लागतील, जाड असल्या तर बऱ्या. कुणाकडे असतील तर दुकानावर आणून द्या, रात्री दहापर्यंत उघडं असतं.